टाकीतले दोन हाउ

सकाळी सहाला ग्योकथोने टाकीपुढे स्टूल ओढलं आणि मोजायला बसली. मोजायचं ते काय, दोनच होते. पण पाच दिवस झाले, तिचं मोजणं एकाच्या पुढे सरकत नव्हतं. एक पिल्लू कोपऱ्यात काचेला टेकून बसलेलं दिसायचं. दुसरं वाळूत शिरलं होतं ते वर यायचं नाव घेत नव्हतं.

आणि आज आठ वाजता तिकडे तैपेईत तिच्या नवऱ्याची छाती उघडणार होते.

तेकआन चौऱ्याहत्तर वर्षांचा, ती एकाहत्तरची. त्याच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती. किन्मेन बेटावर तसलं ऑपरेशन होत नाही, विमानाने जावं लागतं. एप्रिलात धुकं पडलं की विमानं दोन-दोन दिवस जागची हलत नाहीत, म्हणून लेक सिन्ही तैपेईहून आली आणि बापाला पाच दिवस आधीच घेऊन गेली. ग्योकथो मागे राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, टाकीपाशी माणूस नको का? खरं कारण असं की ती जन्मात विमानात बसली नव्हती, आणि तिच्याकडे आधीच इतक्या प्रकारच्या भीत्या साठल्या होत्या की नवी ठेवायला जागा उरली नव्हती.

जाण्याआधी तेकआनने तिला टाकीचे पाढे पढवले होते. तीन फुटी काच, तळाला चार बोटं वाळू, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी मोटर. दर तीन दिवसांनी दोन बादल्या पाणी काढायचं आणि समुद्राचं ताजं घालायचं. खारेपणा मोजायची काचेची नळी सोडून बघायची, तिचा लाल पट्टा पाण्याच्या रेषेला आला पाहिजे. कालवाचं मांस तांदळाएवढं चिरून चिमट्याने थेट पुढ्यात ठेवायचं. "आणि वाळू उकरायची नाही," हे त्याने तीनदा सांगितलं. "कात टाकायच्या आधी हाउ आठ-आठ दिवस गाडून घेतो. तेव्हा त्याला हलवलंस तर मरेल. दिसला नाही म्हणून जीव टांगणीला लावून बसू नकोस."

"आणि मेलाच असला तर?"

"तर पाण्याला वास येईल. नाक आहे ना तुला? जन्मभर माझ्या मोज्यांना नावं ठेवत आलीस."

आज पाण्याला वास होता. निदान तिला तसं वाटलं. तिने नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकून हुंगलं, मागे झाली, पुन्हा हुंगलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं तिचं होतं हे खरं, पण कधीकधी ब्रह्मराक्षस असतोही.

हाउला खेकडा म्हणावं तर तो खेकडा नव्हे. पाठीवर उपडी कढई, मागे दाभणासारखी शेपटी, आणि पाय सगळे पोटाखाली लपवलेले. मोठे झाले की मादीच्या पाठीला नर चिकटतो तो सुटत नाही, मग भरती येवो नाहीतर जाळं पडो. म्हणून किन्मेनमध्ये त्यांना नवरा-बायकोच म्हणतात. धरायचे तर दोघांना धरायचं. एकटा हाती लागला तर जिथे सापडला तिथेच सोडून यायचं. एकटा धरला हाउ, की जन्मभर ठोकरा खाऊ. तिथल्या पोरांना स्वतःचं नाव सांगता येण्याआधी ही म्हण येते.

ग्योकथोला ती म्हण नुसती येत नव्हती, ती तिच्या अंगावरून गेली होती. ती अकरा वर्षांची होती तेव्हा सैन्याने सगळा किनारा सुरुंगांनी पेरला होता. कालवं काढायला जायचं तर सैनिक फाटक उघडायचे, माणसं मोजून आत सोडायचे आणि मोजून परत घ्यायचे. तिचा थोरला भाऊ हेंगलाय, तिचा आहिया, सोळा वर्षांचा. एक दिवस त्याने गोणीत भलामोठा हाउ आणला आणि उंबऱ्यात ओतला. जोडी धरली होती म्हणे, पण गोणीला भोक होतं आणि वाटेत एक निसटला. आई चुलीपाशी होती, तिचं लक्षही नव्हतं. ओरडली ती ग्योकथो. "आबू, आहियाने एकटाच आणलाय." आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पोराला हात धुवायलाही थांबू दिलं नाही, आल्या पावली परत पाठवलं, जिथून आणलास तिथे ठेवून ये म्हणून. तो चडफडत गेला. थोड्या वेळाने भांडी हादरली. त्या दिवशी फाटकावर माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं.

गाव म्हणालं, बघा, एकटा हाउ. साठ वर्षं गाव तेच म्हणतंय. तेकआन तेवढा लग्नानंतर एकदा बोलून गेला, "हाउने नाही मारलं गं त्याला. म्हणीने मारलं. परत पाठवला नसता तर घरात बसून भात खात असता." ग्योकथो त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. बोलणार काय? उंबऱ्यात ओरडलं कोण होतं, हे तिला ठाऊक होतं.

तेकआन कशालाच भीत नसे. सगळ्या किनाऱ्यात हाउ धरणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. मांस खाणावळींना जाई, कवचाच्या पळ्या होत, आणि मोठ्या कवचावर वाघाचं तोंड रंगवून लोक दारावर टांगत. एक अजून त्यांच्या दारावर आहे, वाघ कमी आणि ओशाळलेलं मांजर जास्त दिसतं. मग धरून-धरून हाउ संपत आले. दोन वर्षांपूर्वी मत्स्यकेंद्राने घरोघर पिल्लं सांभाळायला द्यायचं काढलं, वाढवायची आणि तिसऱ्या वर्षी जूनमध्ये किनाऱ्यावर सोडायची, तेव्हा रांगेत पहिला हाच. "आयुष्यभर मारले," म्हणाला, "दोन तरी वाढवू दे."

दोन हा आकडा ग्योकथोचा. केंद्रातली मुलगी हसली होती. "आमा, यांच्यात नर कोण, मादी कोण हे दहा-बारा वर्षं कळत नाही. दोन्ही नर निघाले तर?"

"निघू देत. पण दोन द्या."

तर आज ती वास घेऊन बसली, आणि शेवटी नवऱ्याचं तीनदा सांगितलेलं मोडून तिने सुपाचा चमचा घेतला. मोटरजवळ वाळूला थोडा उंचवटा होता. तिथे तिने दूध ढवळावं इतक्या हलक्या हाताने चमचा घातला. पिल्लू वर आलं. बिस्किटाएवढं, दोघांतलं जरा काळपट होतं ते. चमच्यात ते हललं नाही. पण कातही हलत नाही, रिकामी कात हुबेहूब हाउसारखीच दिसते. तेकआनने खूण सांगितली होती. हाउ पुढच्या कडेतून बाहेर येतो. कड उकललेली असली तर घर सोडून गेलाय, शोध, जवळच असेल. कड बंद असली तर आत आहे.

तिने चष्मा लावला. कड बंद होती. तिने नखाने कड चाचपली, मग उलटं करून पाहिलं. पोटाखालचे पाय आत मुडपलेले होते आणि वास आता स्पष्ट येत होता.

चमचा तसाच धरून ती स्टुलावर बसून राहिली. टाकीत दुसरं पिल्लू कोपऱ्यातून निघून काचेच्या कडेकडेने चालायला लागलं होतं. घरात एकटा हाउ होता, आणि तो दिवस नेमका आजचा होता.

सातला फोन वाजला. सिन्ही होती. "आबू, आपांना आता आत नेतायत. बोल त्यांच्याशी. जास्त बोलायला लावू नकोस."

"खाल्लंस का काही?" तेकआनचा आवाज दमलेला होता. "मला उपाशी ठेवलंय. निदान तू तरी खा."

"पेज खाल्ली." चूल पेटलीही नव्हती.

"धुकं आहे?"

"समोरचं घर दिसत नाही."

"दोघं कसे आहेत?" तिने चमच्यातल्या पिल्लाकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी हळू. "थो, दोन आहेत ना?"

"दोन आहेत."

"दिसतायत?"

"आत्ताच खाऊन बसलेत. तुझ्यापेक्षा शहाणे. ठेवलं ते मुकाट्याने खातात."

तो हसला, मग खोकला. "मग झालं तर," म्हणाला. फोन कुणीतरी त्याच्या हातातून घेतला.

ग्योकथो आयुष्यात नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही. माशाचा भाव, सिन्हीचे गुण, असलं पुष्कळ. पण हे खोटं त्याने बरोबर नेलं होतं, थेट आत, सुरीखाली. ते तसंच राहिलं आणि वर त्याचं काही झालं तर?

एकट्याला समुद्रात सोडून यावं, हा गावाचा मार्ग. पण तेकआन निघताना म्हणाला होता, "यांना जूनमध्ये मीच येऊन सोडणार, तू हात लावायचा नाहीस." आता ती सोडायला गेली तर त्याचा अर्थ एवढाच, की तो येणार नाही असं तिने धरलं. तो विचार तिने अर्ध्यातच टाकून दिला, पूर्ण केला तर खरा होईल म्हणून. मग मार्ग एकच राहिला. तो बाहेर यायच्या आत टाकीत दोन हाउ असायला हवेत.

आणि पिल्लं मिळायची जागाही एकच होती. लाल पाटी.

साडेसातला दारात शेजारची आचुई येऊन उभी राहिली, टोपीवरून रुमाल बांधलेला, हातात कालवं फोडायची आकडी. "आची, पाणी पार उतरलंय. येतेस का नुसतीच काचेत बघत बसणार?"

"येते."

"आज?" आचुईने तिला नीट पाहिलं. "मी आपली विचारायची म्हणून विचारलं. आज घरात बस की. फोन येईल."

"फोन खिशात येतो. घरात बसून त्याला काय अंडं उबवायचंय?"

आचुईचं लक्ष टाकीकडे गेलं. तिची नजर घारीची. "एकच दिसतोय."

"दुसरा वाळूत आहे."

"अजून? म्हाताऱ्याने वाळूत गुत्ता काढून दिलाय का त्याला?" असं म्हणून ती हसली, पण हसू मध्येच थांबलं. तिलाही म्हण येत होती. "असेल, असेल, वाळूतच असेल," ती घाईने म्हणाली आणि बादली उचलून पुढे निघाली.

मेलेलं पिल्लू ग्योकथोने ओल्या कापडात गुंडाळून लाल बादलीच्या तळाशी ठेवलं होतं, दुसऱ्या हातात आपली आकडी घेतली होती. वेशीवरच्या वाऱ्याच्या सिंहापाशी ती थांबली. दगडाचाच तो, पण गावावर येणारं अडवतो म्हणतात. तिने त्याच्या पंजाला हात लावला. पुढे कालवं वाढवायचे दगड सुरू झाले, कमरेएवढे, उभे रोवलेले, धुक्यात रांगेने. आचुई आपल्या दगडांकडे वळली. ग्योकथो म्हणाली, "मी जरा पुढे बघते," आणि चालत राहिली. मागून आचुईने काहीतरी विचारलं, ते तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

दगड संपले. मग सैन्याने रोवलेले तिरपे लोखंडी रूळ लागले, गंजलेले, कालवं चिकटलेले. त्यांच्यापलीकडे सिमेंटच्या खांबावर ती पाटी होती, एके काळी लाल, त्यावर कवटी. तिच्याखाली सरकारने नवी पांढरी पाटी लावली होती, सुरुंग काढले, जागा साफ आहे. ही पांढरी पाटी लागून सात वर्षं झाली होती. तेकआन येता-जाता म्हणायचा, "आता तिथे नाच करता येईल." गावातलं कुणी नाचायला गेलं नव्हतं. साठ वर्षं तिथे माणसाचा पाय पडला नाही, म्हणून तर हाउ उरले ते तिथेच. सुरुंगांनी माणसं मारली आणि हाउ राखले. हे ग्योकथोला कधी नीट समजून घेता आलं नाही आणि ती त्या वाटेला गेलीही नाही.

आहिया याच चिखलात गेला होता.

तिने पाय उचलला. तो टेकेना. खरंच टेकेना, गुडघा आपल्या मनाने वरच्यावर थांबला, आणि ती एका बुटावर धुक्यात उभी राहिली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. ती पाय मागे घेणार होती. "नाही जमत," असं तिने मोठ्याने म्हटलंदेखील, कुणाला ते तिचं तिला माहीत. तेवढ्यात धुकं जरासं हललं आणि समोर दहा पावलांवर चिखलात एक बांबू दिसला.

कालवांच्या जाळीला लावतात तसा साधा बांबू, माणूसभर. त्याच्या टोकाला निळी चिंधी बांधलेली होती. पाटीपासून बांबूपर्यंत चिखल जरा दबलेला होता, चर असावा तसा. कुणीतरी इथून गेलं होतं, एकदा नाही, तेच पाऊल त्याच जागी ठेवत. दुसऱ्याच्या पावलात पाऊल ठेवता येतं. तिने ठेवलं. मग दुसरं. बांबूला हात लागेपर्यंत तिने श्वास घेतला नव्हता.

चिंधीला निळ्यावर पांढरे ठिपके होते. ग्योकथोने ती डोळ्यांजवळ धरली. नववर्षापासून ती हा डोक्याचा रुमाल शोधत होती. आचुईने नेला असा तिला संशय होता आणि तसं ती एक-दोनदा आडून बोललीही होती. आणि गाठ उलटी होती. तेकआन डावखुरा. त्याची गाठ उलटी फिरते, उजव्या हाताला सुटत नाही. पन्नास वर्षं तिने घरातल्या प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी त्या गाठींना शिव्या घातल्या होत्या.

पुढे दहा पावलांवर दुसरा बांबू होता. त्याच्यापुढे तिसरा.

तिसऱ्यापाशी ती थांबली. फेब्रुवारीतली एक दुपार तिला आठवली. तेकआन गुडघ्यांवर चिखल घेऊन आला होता, ओठ निळे, दम लागलेला. "कालवांचे दगड बघून आलो," म्हणाला. तिने त्याला गरम पाणी दिलं आणि तोंडसुखही घेतलं. त्याच आठवड्यात टाकीतलं एक पिल्लू एकाएकी काळपट दिसायला लागलं होतं. तिने विचारलं तर म्हणाला, "कात टाकली, रंग बदलतो." आणि डॉक्टरने झडपेचं सांगितलं होतं जानेवारीत. तिला ते मार्चमध्ये कळलं. तोपर्यंत छातीत वायू धरतो म्हणून त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

म्हणजे एक तेव्हाच मेलं होतं, थंडीत. आज चमच्यात आलं ते त्याने इथून नेलेलं.

हाउला हसणारा, म्हणीला हसणारा, इथे नाच करता येईल म्हणणारा माणूस फुटकं हृदय घेऊन या चिखलात आला होता. आणि नाचला नव्हता. दर दहा पावलांवर बांबू रोवत, आपल्याच पावलात पाऊल ठेवत गेला होता. इतका तो घाबरला होता. ग्योकथोला वाटलं होतं की घरात भिणारी आपण एकटी, तो आहे म्हणून आपल्याला भिता येतं. आता तिला कळलं की जोडीतलं मागे एकटं कोण राहणार, हे त्याने तिच्याआधी मोजलं होतं. टाकीत एक दिसला तर तिलाही ते मोजावं लागेल, म्हणून तो इथे आला होता.

ती रडली. चिखलात बसता येत नाही म्हणून बांबू धरून उभ्याने रडली. मग तिने पाहिलं की या तिसऱ्या बांबूची चिंधी एकाच टोकावर लोंबतेय, वाऱ्याने गाठ सोडवली होती. तिने ती नीट गुंडाळली आणि आपल्या उजव्या हाताची सुलटी गाठ मारली, दोनदा.

सातव्या बांबूपुढे बांबू नव्हते. तिथे चिखल गुळगुळीत होता आणि त्यावर माग होते, बोटाने काढावेत तसे नागमोडी, प्रत्येक मागाच्या शेवटी एक छोटा उंचवटा. तिने वाकून पाहिलं. एक इकडे, एक तिकडे, एक पार त्या बाजूला. वीस-पंचवीस तरी असतील. दोन माग कुठेच बरोबर जात नव्हते. लहानपणी सगळेच एकटे हिंडत होते आणि त्यांचं काही वाकडं झालेलं दिसत नव्हतं. तिने साठ वर्षं जी म्हण उराशी धरली ती यांना कुणी सांगितलीच नव्हती.

हे डोक्याला पटलं. हातांना पटलं नाही. इथून काही उचलायला बंदी आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सगळ्यांत जवळचा उंचवटा खालून ओंजळीत उचलला. बिस्किटाएवढं पिल्लू, ओंजळीत पाय चालवणारं. "मला माफ कर," ती त्याला म्हणाली. "जूनपर्यंतच. तो आला की तोच तुला इथे आणून सोडेल." त्याच खळग्यात तिने कापडातलं मेलेलं ठेवलं आणि वर चिखल ओढला. आहियासाठी तिने तिथे काही म्हटलं नाही, नुसतं त्याचं नाव घेतलं. साठ वर्षांत या जागी ते पहिल्यांदा कुणी घेतलं असेल.

मागे वळली तेव्हा पाण्याचा आवाज बदलला होता. भरती लागली होती. धुकं इतकं दाट उतरलं की सातव्यावरून सहावा दिसेना. डावीकडून पाणी सरपटत येत होतं, पावलांचा चर भरत चालला होता. तिने बादली छातीशी धरली आणि मोजत निघाली. दहा पावलं, हात पुढे. बांबू. दहा पावलं, हात पुढे. पाचव्याला बांबू हाताला लागला नाही. ती जागच्या जागी थिजली. पाय मागे घ्यावा की पुढे टाकावा? पाणी बुटाच्या घोट्यापर्यंत आलं. तिने आकडी लांबवून डावीकडे चाचपलं, मग उजवीकडे. उजवीकडे टक् झालं. ती पाऊलभर भलतीकडे आली होती. पाऊलभरच. सरकारने साफ केलेल्या जागेत एक पाऊल इकडेतिकडे झाल्याने काही होत नाही, हे तिला माहीत होतं, आणि तरी बांबूला मिठी मारेपर्यंत तिचं हृदय जागेवर नव्हतं.

लाल पाटीपाशी आचुई उभी होती, कंबरेवर हात ठेवून. ती पांढरी पडली होती. तिने बादलीत पाहिलं, मग ग्योकथोच्या डोळ्यांत. "वाळूत होता म्हणालीस," ती म्हणाली.

"होता ना. आता बाहेर आलाय."

आचुईने ग्योकथोच्या हातातली आकडी घेतली आणि वाटभर तिचा दंड सोडला नाही. वेशीपाशी ग्योकथो म्हणाली, "तो निळा रुमाल तू नव्हता नेलास."

"मी कधी नेला म्हटलं? वेडी झालीस का?"

दहाला तिने पिल्लू टाकीत सोडलं. टाकीचं पाणी थोडंथोडं बादलीत घालत, तासभर, तेकआन सोडतो तसं. तळाला पोचताच ते वाळूत शिरलं आणि दिसेनासं झालं. दोन होते. दिसत एकच होतं.

मग वाट पाहणं. बारा वाजले, दोन वाजले. तिने समुद्रदेवी मात्सूआईपुढे उदबत्ती लावली, ती विझली, परत लावली. चारला सिन्हीचा निरोप आला, झडप बसवली, हृदय पुन्हा चालू केलंय, अजून शुद्ध नाही. 'पुन्हा चालू केलंय' हे ग्योकथोने दोनदा वाचलं. म्हणजे मध्ये बंद होतं. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सहाला फोन आला.

"आबू, मला दहा मिनिटं आत सोडलंय. डोळे उघडलेत त्यांनी. तोंडात नळी आहे, बोलता येत नाही." सिन्ही हळू बोलत होती. मागे यंत्रांचा बारीक आवाज येत होता. "पण सारखी दोन बोटं वर करतायत. नर्सला वाटलं दुखतंय किती ते सांगतायत. मी विचारलं, दोन वाजले का म्हणताय? तर नाही अशी मान हलवतात. खाली घेतच नाहीत बोटं. मला काही कळेना."

ग्योकथोने टाकीकडे पाहिलं. "फोन त्याच्या कानाला नको लावूस, तू सांग. म्हणावं, दोन आहेत."

"काय दोन आहेत?"

"सांग तू. आणि म्हणावं, तिसऱ्या बांबूची गाठ सुटली होती. मी बांधून आले."

"कसला बांबू? आबू, तू बरी आहेस ना?"

"सिन्ही, सांग त्याला."

फोनवर कापडाचा आवाज आला, मग लेकीचा, लांबून, एकेक शब्द सावकाश. दोन आहेत. तिसऱ्या बांबूची गाठ. मग बराच वेळ नुसती यंत्रं ऐकू येत राहिली.

"आबू," सिन्ही परत आली. "डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. आणि बोटं खाली घेतली. आता झोपले बघ."

"झोपला म्हणजे झोपलाच ना?"

"झोपलेच. छाती हलतेय, मी बघतेय."

"फोन ठेवू नकोस. सोडलंय तोवर तसाच राहू दे."

ती फोन कानाशी धरून स्टुलावर बसली. पलीकडे यंत्र टिकटिकत होतं, इकडे टाकीची मोटर घुरघुरत होती. टाकीत अजून एकच दिसत होता. चमचा तिथेच काचेशेजारी सकाळपासून पडला होता. तिने त्याला हात लावला नाही.